आजोबांच्या ट्रंकेतला कोश

वाचकांचे प्रश्न : जुनी पुस्तकं

मागच्या अंकात जुन्या पंचांगांच्या बांधणीबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं. ग्रंथालयात असताना ख्रिस्ती पंडितांनी केलेले हिब्रूचे कोश माझ्या हातून गेले आणि त्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं, असं. पंचांगांबद्दल एकही पत्र आलं नाही. आली ती सगळी या एका वाक्यावर. तेव्हा हा अंक त्यांचा.

प्रश्न : ताई, शालोम. मी बेने इस्रायल, म्हणजे इथली मराठी बोलणारी ज्यू, माहेर माझगावचं, आता ठाण्यात राहते. आजोबांच्या ट्रंकेत एक जाडजूड पुस्तक मिळालं. चामड्याची बांधणी, पहिली काही पानं नाहीत. हिब्रू शब्द आणि त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलंय, पण ते इंग्रजी नाही. रद्दीवाला म्हणाला, वजनावर घेतो. माझे दीर म्हणतात, लाखाचा माल आहे. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : रद्दीवाला आणि दीर दोघेही चुकले आहेत. एवढं पत्रातून सांगता आलं असतं, पण मला राहवलं नाही म्हणून तुम्हाला पुस्तक घेऊन गिरगावात बोलावलं. तुम्ही ते साडीच्या पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून आणलंत ते बरं केलंत. त्या दिवशी पाऊस होता.

‘इंग्रजी अक्षरांतलं पण इंग्रजी नसलेलं’ ते लॅटिन. टायटल पान गेलेलं असलं की सूचीकार पुस्तकाच्या शेपटाकडे बघतो. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी एक छोटा वेगळा कोश जोडलेला आहे. बायबलातले नव्हेत, तर रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, आणि तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतले शब्द त्यात आहेत. या जोडकोशावरून मूळ पुस्तक ओळखता आलं : बाझेलच्या योहान्नेस बुक्स्टॉर्फ यांचा हिब्रू आणि खाल्डी कोश. बुक्स्टॉर्फ १५६४ साली जन्मले आणि १६२९ साली प्लेगने गेले. स्वित्झर्लंडातल्या बाझेल गावी ते हिब्रू शिकवत. त्यांचा हा कोश विटेएवढा, हातात मावणारा, विद्यार्थ्यांना परवडणारा. म्हणून तो पुन्हापुन्हा छापला गेला आणि म्हणूनच त्याच्या प्रती जगभर सापडतात. लाखाचा माल नाही तो या कारणाने. त्यातून टायटल पान नाही, पाठ सुटलेली आहे आणि ‘ताव’ या हिब्रूतल्या शेवटच्या अक्षराची पानं वाळवीने खाल्ली आहेत.

पण विकू नका. कारण पुढे सांगते. आधी दुसऱ्या पत्राकडे वळते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रश्न : ख्रिस्ती लोकांनी ज्यूंच्या भाषेचे कोश केले, हे जरा उलटंच वाटतं. सगळ्यात पहिला कोणी केला? (एक निवृत्त शिक्षक, दादर)

उत्तर : उलटं वाटतं खरं. पण गुरुजी, तुमच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असणारच. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, दोन्ही मुंबईत छापलेल्या. एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मराठीचा कोश केला याचं आपल्याला कधी नवल वाटलं नाही. शब्द गोळा करून देणारे, अर्थ फोडून सांगणारे पंडित मात्र आपलेच होते, आणि त्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील? हिब्रूची गोष्ट हुबेहूब अशीच आहे, फक्त तीनशे वर्षं आधीची.

अगदी आरंभ शोधायचा तर चौथ्या शतकाच्या अखेरीला जावं लागतं. संत जेरोम बेथलेहेमात राहत होते. त्यांनी बायबलातल्या हिब्रू विशेषनामांचे अर्थ सांगणारी एक यादी लॅटिनमध्ये केली. बायबलाच्या एकेका पुस्तकाप्रमाणे नावं, आणि प्रत्येकाचा अर्थ. जुन्या ग्रीक याद्यांवर ती उभी आहे आणि पुष्कळ अर्थ ओढूनताणून लावलेले आहेत. आपल्याकडे गावांच्या नावांच्या व्युत्पत्त्या सांगतात ना, तसे. पण मध्ययुगात युरोपातल्या बहुतेक पाद्र्यांना हिब्रूचं जे काही ठाऊक होतं ते या यादीपुरतंच. तिला मी कोश म्हणणार नाही.

कोश म्हणावा असं पहिलं मोठं पुस्तक १५०६ साली जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम गावी छापलं गेलं. योहान्नेस रॉइक्लिन यांचं ‘दे रुदिमेन्तिस हेब्राइकिस’, म्हणजे हिब्रूची मूलतत्त्वं. व्याकरण आणि कोश एकत्र. रॉइक्लिन पेशाने कायद्याचे पंडित. त्यांना हिब्रू शिकवली ती सम्राटाच्या ज्यू राजवैद्याने, याकोब बेन येहिएल लोआन्स यांनी, १४९२ साली लिन्त्स इथे. पुढे १४९८ मध्ये रोमला ओबाद्या स्फोर्नो या विद्वानाकडे ते शिकले. आणि कोशातला मजकूर? तो बव्हंशी दावीद किम्ही यांच्या ‘सेफर हा-शोराशीम’वरून, म्हणजे ‘मुळांचं पुस्तक’ यावरून घेतलेला. किम्ही फ्रान्सच्या दक्षिणेतल्या नार्बोन गावचे ज्यू वैयाकरण, रॉइक्लिन यांच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचे.

पुस्तक लॅटिनमध्ये, पण हिब्रूच्या रीतीने उजवीकडून डावीकडे उघडणारं. शेवटी रॉइक्लिन यांनी होरेस कवीची ओळ ऐटीत छापली : तांब्याहून टिकाऊ स्मारक मी उभारलं. खपलं मात्र रडतखडत. छपाईचा खर्च त्यांच्याच खिशातून गेला होता, त्यामुळे स्मारकाचा भार बराच काळ त्यांच्याच डोक्यावर राहिला.

याच माणसाने चार वर्षांनी आणखी एक काम केलं. जर्मनीतले ज्यूंचे ग्रंथ जप्त करून नष्ट करावेत अशी मोहीम निघाली होती. सम्राटाने मत विचारलं, तेव्हा रॉइक्लिन यांनी १५१० साली लेखी ‘नाही’ सांगितलं. त्यापायी त्यांच्यावर वर्षानुवर्षं खटले चालले. कोशापेक्षा मला हे मोठं वाटतं, पण मी कोशावर लिहायला बसले आहे.

मग सेबास्टियन म्युन्स्टर. जुन्या जर्मन शंभर मार्कांच्या नोटेवर ज्यांचा चेहरा होता ते हेच. लोक त्यांना नकाशांसाठी ओळखतात. पण त्यांनी १५२३ मध्ये बाझेलला हिब्रूचा कोश छापला आणि १५२७ मध्ये अरामीचा. त्यांच्या मागे उभे आहेत एलिया लेविता. लेविता हे जर्मनीत जन्मून इटलीत गेलेले ज्यू वैयाकरण. रोममध्ये एका कार्डिनलच्या घरी राहून ते त्याला हिब्रू शिकवत आणि त्याच्याकडून ग्रीक शिकत. १५२७ साली रोम लुटलं गेलं, त्यात घरही गेलं आणि हस्तलिखितंही. परधर्मीयांना आपली विद्या का शिकवतोस म्हणून स्वकीयांनी बोल लावले, त्यालाही त्यांनी छापील उत्तर दिलं. पुढे सत्तरी ओलांडल्यावर हे गृहस्थ आल्प्स ओलांडून इस्नी गावी एका ख्रिस्ती मुद्रकाच्या छापखान्यात कामाला गेले आणि १५४१ साली अरामीचा स्वतःचा कोश छापून घेतला. म्युन्स्टर यांनी लेवितांची पुस्तकं लॅटिनमध्ये आणली. नोट म्युन्स्टर यांची निघाली.

आता बुक्स्टॉर्फ. यांच्याबद्दल माझं मत आजवर एका जागी स्थिर झालेलं नाही. ज्यूंच्या चालीरीतींवर त्यांनी १६०३ साली जे पुस्तक लिहिलं ते नाकं मुरडत लिहिलेलं आहे. पण त्याच माणसाने ज्यूंच्या ग्रंथांतला शब्द न् शब्द आयुष्यभर वेचला. बाझेलमध्ये ज्यूंना राहायची तेव्हा बंदी होती. मोठं हिब्रू बायबल छापायचं तर ज्यू मुद्रितशोधक हवेत, म्हणून खास परवानगी काढून त्यांना ठेवावं लागलं. १६१९ साली त्यांतल्या एकाला मुलगा झाला. सुंतेच्या समारंभाला बुक्स्टॉर्फ गेले, आणि गावाने त्यांना दंड ठोठावला. पुस्तकात नाकं मुरडणारा माणूस कामावरच्या सहकाऱ्याच्या घरच्या बारशाला जातो आणि त्यापायी दंड भरतो! मुद्रितशोधक रात्रंदिवस शेजारी बसलेला असला की असं होत असावं.

तल्मूद (ज्यूंचा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ) आणि तर्गुम (बायबलाची अरामी भाषांतरं) यांच्या अरामीचा जो महाकोश त्यांनी हाती घेतला, तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. त्याच नावाच्या मुलाने तो १६३९-४० मध्ये छापून काढला. मुखपृष्ठावर छापलंय : तीस वर्षांचं काम. आमच्या खात्यात तो एकदा दुरुस्तीला आला होता. उचलायला दोघं लागलो.

प्रश्न : तुम्ही ‘खाल्डी’ म्हणता, कुठे ‘अरामी’ म्हणता. भाषा एक की दोन? आणि हिब्रूपेक्षा वेगळी कशी? (वसईहून एक वाचक)

उत्तर : एकच. दानीएलच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात राजाचे खास्दी ज्योतिषी अरामी भाषेत बोलू लागतात, आणि तिथून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत पुस्तकच अरामीत चालतं. खास्दी जी बोलले ती खास्द्यांची भाषा, असं धरून जेरोम यांच्यापासून तिला खाल्डी म्हणायची पडलेली सवय एकोणिसाव्या शतकापर्यंत सुटली नाही. म्हणून जुन्या कोशांवर ‘खाल्डाइकुम’ दिसलं की ‘अरामी’ वाचायचं.

वेगळेपण तुम्ही वसईचे म्हणून बायबलातूनच सांगते. उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात लाबान आणि याकोब दगडांची रास रचून करार करतात. लाबान हा याकोबाचा मामा, आणि सासराही, कारण याकोबाने मामाच्याच मुली केल्या. आपल्याकडे कोणाला यात काही वावगं वाटू नये. तर त्या एकाच राशीला मामा म्हणतो ‘यगर सहदूथा’ आणि भाचा म्हणतो ‘गलेद’. दोन्हीचा अर्थ साक्षीची रास. मामाची अरामी, भाच्याची हिब्रू. नात्यातल्या भाषा आहेत, पण तोंडवळा निराळा. मामाच्या ‘सहदूथा’त जे साक्षीचं मूळ आहे, तेच अरबीमार्गे आपल्या ‘शहीद’मध्ये आलंय. शहीद म्हणजे मुळात साक्षीदार.

नात्याचा एक नियम कोशकारांना लवकर दिसला : हिब्रूत जिथे ‘ज’ तिथे अरामीत पुष्कळदा ‘द’. सोनं हिब्रूत ‘जाहाव’, अरामीत ‘दहव’. आठवणीसाठी हिब्रूत ‘जाखर’, अरामीत ‘दखर’. आणि अरबीतलं त्याचं भावंड आपल्या कचेऱ्यांत रोज बसलेलं असतं : ‘मजकूर’. सातबाऱ्यावरचा मजकूर म्हणजे ‘उल्लेखिलेला’, ज्याचा जिक्र झाला तो.

प्रश्न : मी हौसेने हिब्रू शिकतेय. कॉलेजच्या ग्रंथालयात असा जुना कोश आहे, पण शब्द सापडतच नाहीत. अक्षरक्रम लावलेलाच नाही का? (एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : लावलाय, पण शब्दांचा नाही, मुळांचा. याच गोष्टीने मला पहिली दोन वर्षं रडवलं.

हिब्रू आणि अरामीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून उगवतात. जुना कोश म्हणतो, मूळ ओळखा, मग माझ्याकडे या. ‘मिख्ताव’, म्हणजे पत्र, हा शब्द ‘मेम’खाली शोधाल तर रात्र होईल. पुढचा ‘म’ काढून टाकायचा, मागे राहतात काफ, ताव, बेत. क-त-ब. आता ‘काफ’ उघडा. मुळापुढे लॅटिनमध्ये लिहिलेलं दिसेल ‘स्क्रिप्सित’, म्हणजे ‘त्याने लिहिलं’. मूळ नेहमी असं भूतकाळी, ‘त्याने’ केलेलं देतात. आणि त्याच्याखाली सगळं गोत. लिहिणं, लिखाण, पत्र.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण हे गोत अरबी-फारसीच्या दाराने आपल्या घरात आधीच राहायला आलंय. किताब, मकतब, कातिब : तिन्हींत क-त-ब ऐकू येतं. ‘हिशोब’ म्हणा, हिब्रूत त्याच मुळाचा ‘हाशव’ म्हणजे विचार केला, मोजलं. ‘कबर’ म्हणा, हिब्रू ‘केवेर’. ‘मालक’ म्हणा, हिब्रू ‘मेलेख’ म्हणजे राजा. आपल्याकडे त्याला भाडेकरू मिळाले एवढंच.

ही सगळी भावंडं एका पानावर मांडायचं वेड इंग्लंडातल्या एडमंड कॅसल यांनी घेतलं. हिब्रू, खाल्डी, सिरियाक, समारितानी, इथिओपी, अरबी आणि फारसी अशा सात भाषांचा त्यांचा कोश १६६९ मध्ये लंडनला निघाला. अठरा वर्षं, रोज सोळा-अठरा तास, असं ते स्वतःच सांगत. बारा हजार पौंडांहून जास्त पैसे त्यात गेले, कर्जापायी तुरुंग झाला, १६६६ च्या लंडनच्या आगीत छापलेले काही फर्मे जळाले. उरलं ते विकलं गेलं नाही, आणि त्यांच्या मागे पडून राहिलेल्या प्रतींची उंदरांनी चाळण केली असं सांगतात. पागडीच्या खोलीत पुस्तकं सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला ही शेवटची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते.

तुम्ही शिकताय ती हिब्रू बोलायची असेल तर जुना कोश बाजूला ठेवा. बायबलाची असेल तर १९०६ साली पुरा झालेला ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा इंग्रजी कोश घ्या. तोही मुळांप्रमाणेच लावलेला आहे, त्यामुळे सुटका नाही. आणि अक्षरं शिकताना शेवटचं ‘मेम’ आणि ‘सामेख’ यांत गल्लत करू नका. मेम चौकोनी, सामेख गोल. आमच्या खात्यातले बेने इस्रायली काका डबा खाता खाता मला ही अक्षरं शिकवायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका हिब्रू पुस्तकाचं शेवटचं पान पहिलं समजून पाठीवर लेबल उलटं चिकटवलं होतं. त्यांनी काही न बोलता पुस्तक माझ्या टेबलावर उलटं करून ठेवलं आणि चहाला गेले.

आता पुन्हा ठाण्याच्या ताईंकडे.

तुमचं पुस्तक न विकण्याचं कारण समासात आहे. पेन्सिलीने, बारीक बाळबोध अक्षरांत तुमच्या आजोबांनी मुळांशेजारी मराठी लिहून ठेवलंय. ‘हाशव’च्या ओळीला ‘हिशोब’. ‘मेलेख’ला ‘मालक, पण इथे राजा’. आणि क-त-ब या मुळाशी, ज्यापासून तुमची कतुबा, म्हणजे लग्नाचं करारपत्र, आली त्या मुळाशी, ‘लिहिणे. किताब. कित्ता?’

कित्ता चुकलाय. तो दुसऱ्या मुळाचा, ‘कित्अ’ म्हणजे तुकडा, नमुन्याचा तुकडा, आणि त्यातला क वेगळा, घशातला. पण आजोबांनी प्रश्नचिन्ह घातलंय. छापील कोशकारांपैकी असं चिन्ह घालणारे फार थोडे.

तुम्ही विचारलंत, त्यांना लॅटिन कुठून येणार? थोडी येत असेलही. मुंबईत हिब्रूचं शिक्षण मराठीतून चालत आलेलं आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये इथे आले आणि १८३२ मध्ये त्यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची आणि धर्मग्रंथांची कितीतरी भाषांतरं मराठीत केली. तेव्हा पाद्र्याच्या कपाटातून निघालेला लॅटिन कोश मांडवीच्या जुन्या मशिदीच्या (बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतात) आसपास राहणाऱ्या एखाद्या मास्तरांच्या हाती यावा, यात मला काही नवल वाटत नाही. बाझेलमध्ये ज्यू मुद्रितशोधकांच्या मदतीने उभा राहिलेला कोश, आणि त्याच्या समासात तीनशे वर्षांनी एका ज्यू मास्तरांच्या मराठी दुरुस्त्या. मला हे बघून खुर्चीतून उठावंसं वाटलं, आणि मी उठलेही. तुम्हाला वाटलं मी चहा टाकायला गेले.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पाठ पुन्हा बांधायला द्याल तेव्हा बाइंडरला बजावून सांगा की कडा कापायच्या नाहीत. कटिंग मशीनवर पुस्तक सरळ करायची त्यांना फार हौस असते, आणि तुमच्या आजोबांची अक्षरं नेमकी कडेलाच आहेत. दुसरं, वाळवीसाठी पानांत पावडर भुरभुरू नका. पावसाळा सरल्यावर पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पानं सैल करून चार दिवस उघडं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नका, बुरशी धरेल. सुती कापड बरं. आणि समासांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, पेन्सिल पुसट होत चालली आहे.

आजीची कतुबा ट्रंकेतच आहे असं तुम्ही जाता जाता म्हणालात. तिची भाषा अरामी असणार. पुढच्या वेळी ती घेऊन या, आजोबांच्याच कोशात तिचे शब्द शोधू. चष्मा मी नवा करून ठेवते.